लोमटे सरांच्या तक्रारवह्या

लोमटे सरांना ‘कसं काय, सर?’ असं विचारायची सोय नव्हती. हे वाक्य आपण उत्तराच्या अपेक्षेनं टाकतच नाही. समोरच्यानं ‘बरंय’ म्हणावं आणि आपण पुढं चालू लागावं, एवढंच त्यात असतं. सर मात्र थांबायचे, हातातली पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे आणि खरंखुरं सांगायला लागायचे. “डावा गुडघा सकाळपासनं दुखायलाय. घरी काल भांडण झालं. चूक माझी होती, पण अजून कबूल केली न्हाय. बाकी ठीक.” एवढं झालं की विचारायचे, “तुमचं कसं?” आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. घाईच्या वेळी आम्ही काही शिक्षक त्यांना लांबून पाहिलं की वळसा घालून वर्गावर जायचो.

मी गणिताचा शिक्षक. आता निवृत्त आहे. शाळा भूम तालुक्यातली, ईटच्या पलीकडच्या एका गावातली. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात शाळेची काही चूक नाही. माझी आहे.

सर मूळचे तेरचे. गावात एक खोली घेऊन बायकोसह राहायचे आणि सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवायचे. अंगानं बारके, शर्ट दोन माप मोठा, आणि त्या शर्टाच्या खिशावर निळ्या शाईचा डाग ठरलेला. लाल पेन त्यांच्याकडं नसायचंच. परीक्षेचे पेपर तपासायला ते आमच्याकडून मागून न्यायचे आणि त्याच दिवशी परत आणून द्यायचे. त्यांच्या पिशवीत जुन्या चादरीच्या कापडात बांधलेला एक जाडजूड शब्दकोश असे. त्याची सुरुवातीची पानं कधीच गळून गेली होती. त्यामुळं ‘ए’नं सुरू होणाऱ्या शब्दांबद्दलचं आपलं ज्ञान ऐकीव आहे, असं ते पोरांना आधीच सांगून टाकायचे.

नवा शब्द आला की त्याचा अर्थ ते लगेच सांगत नसत. आधी त्याची चौकशी करायची. “आपल्या गावात नवा पाव्हणा आला तर काय विचारता?” “गाव कुठलं!” पोरं ओरडायची. “मग ह्यालाबी विचारा. गाव कुठलं, कुणाचा कोण, इथं कसा आला.” मग तो शब्द लॅटिनातून निघून फ्रेंचांकडं मुक्काम करून इंग्रजांच्या घरी कसा पोचला, हे ते असं सांगायचे की जणू तो भूमच्या स्टँडवर त्यांच्यासमोरच उतरला होता. अभ्यासक्रम मागं राहायचा. मुख्याध्यापक रागवायचे. सर त्यांनाही रागवण्याच्या इंग्रजी शब्दाचं गाव सांगायचे.

एकदा मी शेजारच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होतो आणि भिंतीपलीकडून धपाधप आवाज यायला लागले. कुणीतरी कुणाला बडवतंय असं वाटून धावत गेलो. बघतो तर सर फळ्यापुढं उभे राहून दोन्ही मुठींनी स्वतःची छाती बडवत होते आणि पोरं हसून लोळत होती.

“काय झालं, सर?”

“काही न्हाय. कंप्लेन चाललंय,” सर धापा टाकत म्हणाले.

मग त्यांनी मलाही बाकावर बसवलं आणि पुढं सांगायला लागले. तक्रार करणं याला इंग्रजीत हा जो शब्द आहे त्याचं गाव लॅटिन, आणि मूळ अर्थ ऊर बडवून आक्रोश करणं. माणूस गेल्यावर करतात तसा. पुढं शब्द गाव सोडून फिरला, झिजला, आणि आता साहेबाच्या चहात साखर कमी पडली तरी तोच वापरतात. एक मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, आमची आजी गेली तवा माय असंच करत हुती.” सर त्याच्याजवळ गेले. “व्हय. तोच ह्या शब्दाचा खरा अर्थ. म्हणून ध्यानात ठेवा. कुणी कुरकूर करायला लागलं तर वैतागायच्या आधी बघायचं, त्याचं काय गेलंय.”

आणि मग आपला शब्द. सरांचे आजोबा निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. तक्रार हा शब्द अरबीतून आलेला आणि तिकडं त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा, परत परत, असा होतो, हे सरांना आजोबांनी सांगितलेलं. “एकदा सांगून कुणी ऐकलं असतं तर दुसऱ्यांदा कशाला सांगावं लागलं असतं?” सर म्हणाले. “आपल्या लोकांनी बरोबर शब्द उचललाय.”

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत त्यांची नक्कल केली आणि त्यांचं नाव ‘ऊरबडवे सर’ ठेवलं. नाव फार चाललं. सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते मला म्हणाले, “मूळ अर्थ नीट पकडलाय तुम्ही.” त्यांनी ते खोचकपणे म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण ते मनापासून म्हणाले.

त्या तासानंतर तक्रारवह्या सुरू झाल्या. सरांचं म्हणणं असं की आपल्या पोरांना इंग्रजी येत नाही याचं कारण त्यांना इंग्रजीत काही सांगायचंच नसतं. गाईवर निबंध लिहायला लावतो आपण. गाईबद्दल त्यांचं काही म्हणणं नसतं. पण कुरकूर तर प्रत्येकाकडं असते, ती इंग्रजीत करू द्या. दर शुक्रवारी प्रत्येकानं तीन-चार वाक्यांची एक तक्रार लिहायची. घरची, शाळेची, सरांची, कुणाचीही. नियम दोनच. वहीला लाल शाई लावायची नाही, आणि प्रत्येक तक्रारीला सरांनी खाली निळ्या शाईनं उत्तर लिहायचं.

उत्तर लिहायचं म्हणजे नुसतं लिहायचं नव्हे. एकानं लिहिलं की सर आमच्याकडं न बघता खिडकीकडं बघून शिकवतात. सरांनी उत्तर दिलं की हे खरं आहे, खिडकीतून एसटी दिसते, सोमवारपासून खिडकीकडं पाठ करीन. सोमवारी त्यांनी टेबल फिरवून घेतलं. एका मुलीनं लिहिलं की बाकाच्या खिळ्यानं माझे दोन झगे फाटले. शनिवारी सर घरून हातोडी घेऊन आले आणि शाळेतले झाडून सगळे बाक तपासत सुटले. खिचडीत मीठ नसतं, अशी तक्रार आल्यावर आठवडाभर ते पोरांच्या रांगेत ताट घेऊन बसले. पाचव्या दिवशी मीठ आलं.

एकदा एका मुलाची आई शाळेत आली ती तणतणतच. “सर, काय शिकवायलात हो तुमी पोराला? माझ्या भाजीला नावं ठिवतंय, त्ये बी विंग्रजीत!”

“भाजीत मीठ कमी होतं का?” सरांनी विचारलं.

“कमी हुतं जरासं.”

“मग बरोबर लिहिलंय की त्यानं.”

बाई हसत परत गेली. आम्ही मात्र शिक्षकांच्या खोलीत म्हणायचो की हा माणूस पोरांना किरकिरं बनवतोय. मी सगळ्यांत जास्त म्हणायचो. पोरांची इंग्रजी सुधारली होती हे मला दिसत होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. माझ्या गणिताचा निकाल तिथल्या तिथंच होता.

आता ती गोष्ट. आमच्या भागातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. टोळीबरोबर ट्रॅक्टरमध्ये संसार भरायचा आणि पाचसहा महिने कारखान्याच्या आसपास उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत राहायचं. पोरं बरोबर गेली की त्यांची शाळा बुडते. म्हणून गावातच हंगामापुरतं वसतिगृह चालतं. ज्या पोरांची नावं यादीत, ती मागं राहतात, त्यांच्या जेवणाची सोय होते. टोळ्या निघायच्या आत यादी तालुक्याला जावी लागते. यादी करायचं काम त्या वर्षी माझ्याकडं होतं.

नेमकी त्याच सुमारास सरांनी आठ दिवसांची रजा काढली. आईचं ऑपरेशन होतं, सोलापूरला. जाताना सातवीच्या वह्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “एवढ्या शुक्रवारच्या तेवढ्या वाचा. जमेल तसं उत्तर लिहा. चुका राहू द्या.” मी बरं म्हणालो.

वह्या तपासायला बसलो तेव्हा समोर वसतिगृहाची यादीही उघडी होती. ती त्याच दिवशी पूर्ण करून पाठवायची होती. एकेक वही ओढायची, लाल पेनानं चुका दुरुस्त करायच्या, खाली गुण द्यायचे, पुढची ओढायची. सवयीचा हात तो. शीतल नावाच्या मुलीची वही आली. शीतल माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, पाढे चांगले म्हणायची. तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चार वाक्यं लिहिली होती. आईवडील दिवाळीच्या पाडव्यानंतर कारखान्याला जाणार आहेत. मला धाकट्या भावाला सांभाळायला नेणार आहेत. वसतिगृहाचं वडिलांना ठाऊक नाही, कुणी त्यांना समजावून सांगितलं तर ते ऐकतील. मला शाळेत राहायचं आहे.

मी हे वाचलं. अक्षर न् अक्षर वाचलं, नाहीतर चुका कशा सापडल्या असत्या? तीन क्रियापदं दुरुस्त केली, एका नावाचं पहिलं अक्षर मोठं केलं आणि खाली लिहिलं, ‘छान प्रयत्न. दहापैकी सात.’ मग वही बाजूला सारली. यादी तिथंच एका हाताच्या अंतरावर होती. तिच्यात शीतलचं नाव घालायला मला दोन सेकंद लागली असती आणि तिच्या वस्तीवर जायला अर्धा तास. संध्याकाळी यादी पाठवून दिली आणि काम वेळेत झालं म्हणून मुख्याध्यापकांनी माझं कौतुक केलं. मला आजही स्वतःची जी शिसारी येते ती त्या कौतुकाची येते, कारण मी ते खुशीत ऐकून घेतलं होतं.

रजेला लागूनच दिवाळीची सुट्टी आली. सर परत आले तोवर ती संपली होती आणि टोळ्या निघून गेल्या होत्या. हजेरी घेताना शीतलची जागा रिकामी दिसली. वाटायच्या राहिलेल्या वह्यांत तिची वही होती. मधल्या सुट्टीत सर ती घेऊन माझ्याकडं आले आणि उघडून समोर धरली.

“हे तुम्ही वाचलंत का?”

“वाचलं की. सात दिलेत.”

“सात,” सर म्हणाले.

मग मी पुन्हा ते पान पाहिलं. त्या वेळी पहिल्यांदा ते मला वाचता आलं. सरांनी वही बंद करून पिशवीत ठेवली आणि ते दुसऱ्या दिवसापासूनच्या रजेचा अर्ज लिहायला बसले.

तीन दिवस ते कुठं कुठं फिरले. टोळीच्या मुकादमाचा नंबर मिळवून, तीन गाड्या बदलून कर्नाटकाच्या हद्दीतल्या कारखान्यावर गेले. परत आले ते एकटेच. शीतलच्या बापाचं म्हणणं, यादीत नाव नाही तर पोरगी राहणार कुठं आणि खाणार काय? त्याचंही चूक नव्हतं. म्हणून सरांनी तालुक्याला अर्ज केला, की या मुलीचं नाव उशिरानं का होईना, यादीत घ्यावं. तो अर्जच त्यांच्यावर उलटला. मुळात नाव राहिलं कसं, याची चौकशी करायला तालुक्याहून साहेब आले.

मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. अर्जात सरांनी लिहून टाकलं होतं की मुलीनं वेळेत लेखी कळवलं होतं. साहेबांनी तेवढंच पकडलं.

“कळवलं होतं तर मग नाव का नाही? वही कुणी वाचली?”

मी सरांच्या शेजारच्याच खुर्चीत होतो. माझं नाव तेव्हा मुख्याध्यापकपदासाठी पुढं गेलेलं होतं. तोंड उघडायचं, ‘मी’ एवढंच म्हणायचं, असं मी मनात ठरवलं होतं, आणि समोरच्या टेबलावरच्या काचेखालचं सुट्ट्यांचं कॅलेंडर वाचत राहिलो.

“कुणी वाचली न्हाय,” सर म्हणाले. “मी रजेवर जाताना बाकीच्या वह्या ह्यांच्याकडं दिल्या. तिची एकटीची माझ्या पिशवीत राहिली. वाचायची राहून गेली.”

“कुठंय ती वही?”

“सापडत न्हाय.”

गुडघ्याचं दुखणंसुद्धा खरं सांगणारा हा माणूस. त्यांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं, आणि ते माझ्यासाठी. सरांना लेखी ताकीद मिळाली. शिवाय असले प्रयोग करून जबाबदारी अंगावर घेऊ नये, असं सांगून तक्रारवह्या बंद करायला लावल्या. सरांनी त्याच दिवशी पोरांना वह्या परत दिल्या. उरलेली पानं पाढ्यांना वापरा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. “सर, तुम्ही असं का...”

“वाचायला मी दिलं होतं तुम्हाला,” ते म्हणाले. “तुम्हाला वाचता येतंय का, ते आधी बघायला पाहिजे होतं.” आवाजात राग नव्हता. त्यांनी पिशवीतून शीतलची वही काढून माझ्या हातात दिली. “तिची हाय. जमेल तेव्हा तिला नेऊन द्या.” ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

शीतलचं नाव यादीत घ्यायला परवानगी मिळाली नाही. ती उन्हाळ्यात परत आली, पुढच्या वर्षी पुन्हा गेली, आणि त्यानंतर तिचं नाव पटावरून कमी झालं. कमी करण्याच्या कागदावर मुख्याध्यापक म्हणून सही माझी आहे.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषणही मीच केलं. भाषण लिहून नेलं होतं आणि त्यात सगळं चांगलंच होतं. पण बोलता बोलता, कागदावर नसलेलं एक वाक्य माझ्या तोंडून गेलं. “माणूस म्हटल्यावर चूक होते, सरांकडूनही एखादी झाली असेल, पण आपण त्यांचं काम बघावं.” लोकांनी मान डोलावली. सर पहिल्या रांगेत हार गळ्यात घेऊन बसले होते आणि माझ्याकडं बघत होते. मी पुढचं भाषण कागदावरून नजर न काढता वाचलं.

त्यानंतर ते तेरला गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शाळेची सहल तिकडं घेऊन गेलो तेव्हा. जुन्या विटांचं बांधकाम आणि वस्तुसंग्रहालय बघून पोरं डबे खात बसली होती. सर काठी टेकत आले. एका डोळ्याचं दिसणं गेलं होतं. त्यांनी पोरांना ‘म्युझियम’ या शब्दाचं गाव सांगितलं, एकाच्या डब्यातली चटणी खाऊन पाहिली आणि मग माझ्याजवळ पायरीवर येऊन बसले.

“तुमचं कसं?” त्यांनी विचारलं आणि थांबले. बराच वेळ थांबले. मी म्हणालो, “बरंय.” त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पोरांकडं गेले.

गेल्या वर्षी सर वारले. दहाव्याला मी तेरला गेलो. जुने विद्यार्थी बरेच आले होते. विधी आटोपून नदीवरून परत निघालो तेव्हा कडेवर लहान मुलगी घेतलेली एक बाई वाटेत थांबली आणि वाकून पाया पडली.

“वळखलं का, सर? म्या शीतल.”

मी हो म्हणालो. तिचे हात कोयत्यानं घट्टे पडलेले होते. ती माझ्याबरोबर चालू लागली आणि आपणहून बोलायला लागली.

“लोमटे सर आमच्या कोपीवर आल्ते, सर. माझ्या बापाम्होरं हात जोडले त्यांनी. म्हणले, तुमच्या पोरीनं मला येळेत लिवून दिल्तं, माझंच वाचायचं राहिलं, चूक माझी हाय. आमच्या बापाम्होरं कुणी हात जोडल्यालं म्या तवाच बगितलं. लई वरसं राग हुता मला त्यांचा. तिकडं ऊस तोडताना रोज मनात यायचं, ह्या माणसानं एक पान वाचलं असतं तर.” तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. “आता न्हाय राग. म्हणून तर आले. मोप वह्या असत्यात, येकांदी वाचायची राहिली आसंल. व्हय का न्हाय, सर?”

ती उत्तरासाठी माझ्याकडं बघत थांबली. मागं कुणीच नव्हतं, रस्ता मोकळा होता, मला कशाचीही घाई नव्हती.

“हो,” मी म्हणालो. “राहिली असेल.”